गावाचा नकाशा आणि शाळेची नोंद
(भौगोलिक माहिती प्रणाली : इयत्ता चौथी व पाचवीच्या शिक्षकांसाठी अभ्यासलेख व पाठ)

प्राथमिक शिक्षकाचा नकाशाशी संबंध जुना आहे. जिल्ह्याचा भूगोल शिकविताना तो फळ्याशेजारी नकाशा टांगतो. जनगणनेच्या कामी नेमणूक झाली म्हणजे आपल्या गटाचा नजरी नकाशा त्यालाच काढावा लागतो. पटनोंदणीसाठी वाड्यावस्त्यांवर फिरताना गावाची प्रत्येक पाऊलवाट त्याच्या पायाखालून जाते. अलीकडे ग्रामपंचायत, पंचायत समिती व जिल्हा परिषद यांच्या कारभारात 'भौगोलिक माहिती प्रणाली', म्हणजेच जीआयएस, हा शब्द वारंवार येऊ लागला आहे. शाळेचे अक्षांश व रेखांश कळवावेत, बांधकामाचे छायाचित्र स्थाननोंदीसह पाठवावे, अशी पत्रके शाळांना येतात. या मागणीमागील शास्त्र ठाऊक नसेल तर ते काम केवळ रकाने भरण्याचे होऊन बसते. म्हणून ही प्रणाली म्हणजे काय, आपल्या जिल्ह्यात तिचा उपयोग कोठे होतो, तिच्या नजरेतून काय निसटते आणि वर्गात ती कशी शिकवावी, या गोष्टींचा विचार या लेखात केला आहे.

१. नकाशा आणि नोंदवही

गावाच्या दप्तरात दोन वस्तू असतात : गावनकाशा आणि सात-बारा. नकाशावर गट क्रमांक लिहिलेला असतो व तोच क्रमांक सात-बाराच्या उताऱ्यावरही असतो. जमीन कोठे आहे हे नकाशा सांगतो. ती कोणाच्या नावे, किती व तीत पीक कोणते हे उतारा सांगतो. नकाशा एकटा मुका आहे आणि उतारा एकटा आंधळा आहे. गट क्रमांकाने दोन्ही जोडले म्हणजे माहिती पुरी होते.

भौगोलिक माहिती प्रणाली हीच जोड संगणकावर करते. तेथे जोडणारा दुवा मात्र केवळ गट क्रमांक नसतो. पृथ्वीवरील प्रत्येक ठिकाणास अक्षांश व रेखांश असतात, आणि त्या दोन आकड्यांच्या आधारे विहीर, हातपंप, शाळा, रस्ता, घर यांपैकी कोणतीही वस्तू नकाशावर तिच्या जागी बसविता येते. प्रत्येक प्रकारच्या माहितीचा एक स्वतंत्र थर असतो. पारदर्शक कागद एकावर एक ठेवावेत त्याप्रमाणे हे थर एकमेकांवर ठेवता येतात. पाणीपुरवठ्याची नोंद एका कार्यालयात, आरोग्याची दुसऱ्या व शाळेची तिसऱ्या कार्यालयात असली, तरी जागा तीच असल्यामुळे तिन्ही नोंदी एकत्र वाचता येतात.

असे थर एकत्र वाचल्याने काय साधते याचे एक प्रसिद्ध उदाहरण संगणकाच्या फार पूर्वीचे आहे. १८५४ साली लंडनच्या सोहो भागात पटकीची साथ पसरली. डॉ. जॉन स्नो यांनी मृत्यू झालेली घरे नकाशावर खुणांनी दाखविली व त्याच नकाशावर सार्वजनिक पाण्याचे पंपही मांडले. ब्रॉड स्ट्रीटवरील पंपाभोवती खुणांची दाटी झालेली दिसली. रोग दूषित पाण्यातून पसरतो हे त्यांचे मत त्या काळच्या बहुतेक वैद्यांना मान्य नव्हते; तथापि पंपाचा दांडा काढण्यात आला. मृतांची यादी आणि पंपांची यादी स्वतंत्रपणे कितीही वेळा वाचली असती तरी हा संबंध इतका स्पष्ट दिसला नसता.

२. या शास्त्राची वाटचाल

आपल्या देशात अचूक मोजणीचा पाया त्रिकोणमितीय सर्वेक्षणाने घातला गेला. विल्यम लँबटन याने १८०२ साली मद्रासजवळ पहिली आधाररेषा मोजली आणि तेथून त्रिकोणांची साखळी उत्तरेकडे नेली. हे काम चालू असतानाच १८२३ साली वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे त्याचा अंत झाला. त्याची कबर तेथे आहे. गटनकाशे, तालुकानकाशे व भारतीय सर्वेक्षण विभागाची स्थलदर्शक पत्रके ही सर्व अशाच मोजणीची फळे होत.

१९६० नंतरच्या दशकात कॅनडाच्या शासनाने देशभरातील जमिनीची पाहणी हाती घेतली. इतके नकाशे हातांनी एकमेकांवर ठेवून वाचणे अशक्य आहे हे ओळखून रॉजर टॉमलिन्सन यांनी ते काम संगणकाकडे सोपविले. भौगोलिक माहिती प्रणालीची सुरुवात तेथून मानतात. भारताने १९८८ साली आयआरएस-१ए हा प्रत्यक्ष वापरासाठीचा पहिला दूरसंवेदन उपग्रह सोडला, आणि त्याच सुमारास नागपूर येथे महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र स्थापन झाले. २००९ साली भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने 'भुवन' हे संकेतस्थळ सर्वांसाठी खुले केले. ज्या शाळेत संगणक किंवा शिक्षकाजवळ मोबाइल आहे तेथे मुलांना आपले गाव वरून कसे दिसते हे आज दाखविता येते.

३. आपल्या जिल्ह्यातील उपयोग

बीड जिल्ह्याचे क्षेत्रफळ १०,६९३ चौरस किलोमीटर असून तालुके ११ आहेत. उत्तरेस गोदाकाठची सखल गंगथडी व दक्षिणेस बालाघाटाचे पठार असे त्याचे दोन मुख्य भाग पडतात. बालाघाटावर पडलेले पाणी कोणीकडे जाते हे उतारावर अवलंबून असते. सिंदफणा व तिला मिळणारी बिंदुसरा हे पाणी उत्तरेकडे गोदावरीस नेतात. मांजरा मात्र पाटोदा तालुक्यात उगम पावून लातूरच्या दिशेने जाते. पाऊस बेताचा व अनिश्चित असल्याने पडलेले पाणी कोठे अडवावे हा येथील स्थानिक कारभाराचा पहिला प्रश्न आहे.

बंधारा कोठे घ्यावा हे ठरविताना जमिनीचा उतार, ओढ्यांचे जाळे, मातीची खोली, पूर्वी झालेली कामे व विहिरींची स्थाने असे अनेक थर एकत्र पाहावे लागतात. डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झालेल्या जलयुक्त शिवार अभियानात कामांची छायाचित्रे स्थाननोंदीसह घेण्याची पद्धत होती. २०१८ पासून नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात बीड जिल्ह्यातील गावे आली. त्या प्रकल्पात गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडताना पाऊस, माती, उतार व पीक यांची माहिती जागेनुसार जोडली जाते. रोजगार हमीच्या कामांचेही २०१६ पासून असेच आहे. विहीर, शेततळे किंवा रस्ता प्रत्यक्ष कोठे झाला हे आकड्यांवरून ताडून पाहता येते व एकच काम दोनदा दाखविणे अवघड होते.

दुसरा उपयोग गावठाणाचा. शेतजमिनीची मोजणी पूर्वी झाली असली तरी बहुतेक गावांत गावठाणातील घरांची स्वतंत्र मोजणी झालेली नव्हती. २४ एप्रिल २०२० रोजी केंद्र शासनाने स्वामित्व योजना सुरू केली. तीत गावठाणातील मालमत्तांच्या हद्दी चुन्याने आखतात, ड्रोनने वरून छायाचित्रे घेतात, त्यांवरून नकाशा तयार करतात, प्रत्यक्ष जागेवर चौकशी करून तो पडताळतात, हरकती ऐकतात व शेवटी मिळकत पत्रिका देतात. घरावर कर्ज घेणे, वाटणी करणे, ग्रामपंचायतीची कर आकारणी ठरविणे या सर्व गोष्टींस या पत्रिकेचा आधार मिळतो.

तिसरा उपयोग नियोजनाचा. केंद्रीय पंचायत राज मंत्रालयाने २०१९ साली 'ग्राम मानचित्र' ही व्यवस्था सुरू केली. ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यातील कामे नकाशावर पाहून ठरविता यावीत हा तिचा हेतू आहे. कोणत्या भागात रस्ता नाही, कोणत्या वस्तीस नळ नाही, हे यादीपेक्षा नकाशावर लवकर ध्यानात येते.

४. नकाशातून काय निसटते

नकाशा जे दाखवितो ते आपण खरे मानतो. जे दाखवीत नाही ते नाहीच असे मानण्याकडे मनाचा कल असतो. कार्यालयात बसून निर्णय घेणाऱ्यास तर दुसरे साधनच नसते. म्हणून पुढील तीन गोष्टी शिक्षकाने नीट समजून घ्याव्यात.

पहिली गोष्ट नावाची. महसुली दप्तरात गावास नाव व क्रमांक असतो. वस्तीस किंवा तांड्यास तो असेलच असे नाही. आपल्या जिल्ह्यात शेतातील वस्त्या पुष्कळ आहेत आणि बंजारा समाजाचे तांडे डोंगरकपारींत विखुरलेले आहेत. उपग्रहाच्या चित्रात वस्तीची छपरे दिसतात. परंतु ती माणसे राहणारी घरे आहेत की गोठे व आखाडे, वस्तीचे नाव काय, तेथे शाळेत जाणारी मुले किती, हे चित्र सांगू शकत नाही. ती माहिती जमिनीवर फिरणाऱ्या माणसानेच पुरविली पाहिजे.

दुसरी गोष्ट बंद घराची. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी हजारो कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात आणि कारखान्यांचा हंगाम संपल्यावर उन्हाळ्याच्या तोंडी परततात. या काळात पाहणी झाली तर दाराला कुलूप दिसते. ग्रामपंचायत विकास आराखड्याची लोकमोहीम २०१८ पासून २ ऑक्टोबर ते डिसेंबरअखेर या दिवसांत घेण्याचा प्रघात पडला आहे. म्हणजे जे लोक रस्त्यावाचून व पाण्यावाचून अधिक अडतात त्यांपैकी पुष्कळ जण नेमके त्या वेळी फडात असतात. गावठाणाच्या चौकशीच्या दिवशी घरधनी दूर असेल तर हद्दीविषयीची हरकत कोण नोंदविणार? ड्रोनला घर दिसते, घरातील माणूस गावी का नाही हे दिसत नाही. हंगामी वसतिगृहासाठी मुलांची यादी करणाऱ्या शिक्षकास मात्र कोणते कुटुंब कधी गेले व कधी येणार हे पक्के ठाऊक असते.

तिसरी गोष्ट अंतराची, आणि ती शाळेशी सरळ संबंधित आहे. मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काचा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. पहिली ते पाचवीसाठी १ किलोमीटरच्या आत व सहावी ते आठवीसाठी ३ किलोमीटरच्या आत शाळा असावी असे अंतर त्याच्या नियमांनी ठरविले. संगणकावर हे पाहणे अगदी सोपे आहे : शाळेच्या खुणेभोवती १ किलोमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढले की आतील वस्त्या 'सोय असलेल्या' व बाहेरील 'सोय नसलेल्या' ठरतात. पण मूल वर्तुळाच्या त्रिज्येवरून चालत येत नाही. ते वाटेने चालते. मधे ओढा असेल, कडा असेल, तर वाट वळसा घेते. केंद्राच्या २०१० च्या नियमांत दुर्गम भूभाग, पूर व रस्त्यांचा अभाव अशा ठिकाणी अंतराची मर्यादा कमी करण्याची तरतूद आहे. परंतु ओढा पावसाळ्यात उतरता येत नाही हे कोणी कळविले तरच तिचा उपयोग. कमी पटाच्या शाळा जवळच्या शाळेस जोडण्याचा विचार जेव्हा निघतो तेव्हा 'जवळची' हा शब्द बहुधा सरळ रेषेने मोजलेला असतो. त्या एका शब्दावर सहा वर्षांच्या मुलीचे शाळेत येणे किंवा सुटणे ठरते.

५. वर्गपाठ : थरांचा नकाशा

उद्देश : (अ) एकाच जागेविषयीची निरनिराळी माहिती थरांनी मांडता येते हे मुलांस समजावे. (आ) प्रमाण धरून अंतर मोजता यावे. (इ) सरळ अंतर व वाटेचे अंतर यांतील भेद मुलांनी स्वतः शोधून काढावा.

साहित्य : पांढरा मोठा कागद, ट्रेसिंग पेपरचे तीन ताव, रंगीत पेन्सिली, दोरा, मोजपट्टी, कंपास, दहा मीटर लांबीची दोरी. ट्रेसिंग पेपर न मिळाल्यास पातळ कागदास तेल लावून घ्यावे.

पूर्वतयारी : दोरीने रस्त्यावर १०० मीटर अंतर आखावे व ते चालण्यास आपली किती पावले लागतात हे प्रत्येक मुलाने मोजून वहीत लिहावे. नंतर मुलांचे गट करून शिवारफेरी काढावी. शाळेपासून वस्ती, ओढा, पूल व हातपंप यांपर्यंतची अंतरे पावलांनी मोजावीत. मुलांबरोबर शिक्षक असावाच. विहिरीच्या कडेला व पाण्यात मुलांस जाऊ देऊ नये.

पहिला टप्पा (मूळ नकाशा) : कागदाच्या मध्यभागी शाळा दाखवावी. उत्तर दिशेचा बाण काढावा. १ सेंटिमीटर म्हणजे १०० मीटर हे प्रमाण कोपऱ्यात लिहावे. गावठाण, वस्त्या व तांडे त्यांच्या प्रचलित नावांनी दाखवावेत. मुले ज्या नावाने वस्तीस ओळखतात तेच नाव लिहावे.

दुसरा टप्पा (थर) : पहिल्या ट्रेसिंग पेपरवर ओढे, नदी, तलाव, विहिरी व हातपंप, दुसऱ्यावर डांबरी रस्ते, पाणंद व पाऊलवाटा, तिसऱ्यावर मुलांची घरे केवळ ठिपक्यांनी काढावीत. प्रत्येक तावावर शाळेची खूण व उत्तरेचा बाण असावा, म्हणजे ताव एकमेकांवर बरोबर बसतील. सर्व ताव खिडकीच्या काचेवर उजेडासमोर धरून मुलांस एकत्र पाहू द्यावेत.

तिसरा टप्पा (शोध) : शाळा मध्यबिंदू धरून १० सेंटिमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढावे. हे १ किलोमीटर झाले. आता प्रत्येक वस्तीपासून शाळेपर्यंत वाटेवरून दोरा ठेवून तो मोजपट्टीवर मोजावा. समजा, ओढ्यापलीकडची एक वस्ती मोजपट्टीने ८ सेंटिमीटरवर, म्हणजे ८०० मीटरवर आहे. पण पुलावरून येणाऱ्या वाटेवर दोरा १४ सेंटिमीटर भरतो. म्हणजे वर्तुळाच्या आत असलेल्या वस्तीतील मुलास १,४०० मीटर चालावे लागते. अशी वस्ती सापडली की शिक्षकाने उत्तर सांगू नये. मुलांनाच विचारावे, 'ओढ्याला पाणी नसते तेव्हा हा दोरा किती भरेल?' म्हणजे उन्हाळ्याची वाट व पावसाळ्याची वाट असे दोन थर वेगळे काढण्याची गरज मुले आपण होऊन सांगतील.

चौथा टप्पा (उपयोजन) : मुलांनी थर पाहून उत्तरे द्यावीत. कोणत्या वस्तीजवळ हातपंप नाही? कोणत्या दोन वस्त्यांना एकच पाणंद उपयोगी पडते? नवा साकव एकच घालावयाचा असेल तर तो कोठे घातल्याने अधिक मुलांची वाट कमी होईल? या शेवटच्या प्रश्नावर गटांची मते भिन्न पडतात. प्रत्येक गटाने आपले कारण दोऱ्याने मोजून दाखवावे.

सूचना : घरांच्या ठिपक्यांपुढे मुलांची नावे, जात, आजार किंवा कुटुंबाची अडचण लिहू नये. नकाशा भिंतीवर राहतो आणि तो कोणीही वाचतो. आवश्यक तेथे ठिपक्यास अनुक्रमांक द्यावा व त्याची यादी शिक्षकाने आपल्या दप्तरात ठेवावी.

६. शाळेचे स्थान नोंदविताना

बीड शहर सुमारे १८.९९ उत्तर अक्षांशावर व ७५.७६ पूर्व रेखांशावर आहे. आपल्या जिल्ह्यातील कोणत्याही शाळेचे आकडे याच्या आसपासच असले पाहिजेत. तरीही पुढील चुका सहज होतात.

(१) अदलाबदल. अक्षांशाच्या रकान्यात ७५.७६ व रेखांशाच्या रकान्यात १८.९९ लिहिले तर शाळा नॉर्वेच्या उत्तरेस समुद्रात जाऊन पडते. आपल्याकडे लहान आकडा अक्षांशाचा, हे ध्यानात ठेवावे.

(२) अंश-मिनिटे व दशांश यांची गल्लत. १८ अंश ५९ मिनिटे म्हणजे १८.५९ नव्हे. एका अंशाची ६० मिनिटे होतात. म्हणून ५९ भागिले ६० करून १८.९८३ लिहावयाचे. ही चूक शाळेस ४० किलोमीटरहून अधिक दक्षिणेस नेऊन ठेवते.

(३) कमी अंक. अक्षांशाचा एक अंश सुमारे १११ किलोमीटरांचा असतो. दशांश चिन्हापुढे दोनच अंक लिहिले तर शेवटच्या अंकाची किंमत १ किलोमीटरहून अधिक होते. चार अंकांनी ती सुमारे ११ मीटर होते व पाच अंकांनी सुमारे १ मीटर. किमान पाच अंक लिहावेत.

(४) स्थान घेण्याची जागा. पत्र्याच्या छपराखाली उभे राहून मोबाइलवर स्थान घेऊ नये. पटांगणात मोकळ्या आकाशाखाली जावे, थोडा वेळ थांबावे व स्थान स्थिर झाल्यावर आकडे उतरून घ्यावेत. पंचायत समितीच्या गावी बसून छायाचित्र पाठविले आणि यंत्रणेने त्याच वेळचे स्थान घेतले, तर शाळा तालुक्याच्या ठिकाणी नोंदली जाते. मोबाइलच्या संदेशातून पाठविलेल्या छायाचित्रातील स्थाननोंद पुष्कळदा गळून जाते. म्हणून आकडे शाळेच्या नोंदवहीत वेगळे लिहून ठेवावेत.

७. शाळेने करावयाचे काम

वर्गात तयार झालेला नकाशा कपाटात ठेवू नये. त्याची एक प्रत शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत मांडावी. ज्या वस्त्यांचे वाटेचे अंतर मर्यादेपेक्षा अधिक भरते त्यांची नावे, मोजलेले अंतर, पावसाळ्यातील अडथळा व मुलांची संख्या अशी चार रकान्यांची यादी करून ती ठरावासह ग्रामपंचायतीस व केंद्रप्रमुखांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांस द्यावी. ऊसतोडीस जाणाऱ्या कुटुंबांच्या वस्त्यांचे म्हणणे लोक बाहेरगावी निघण्यापूर्वी, सप्टेंबरातच, विचारून घ्यावे. त्यांच्या अनुपस्थितीत ग्रामसभा भरली तरी त्यांची वाट, त्यांचे पाणी व त्यांची मुले नकाशावर हजर असतील. गावठाणाच्या मोजणीची तारीख कळल्यास गावी असलेल्या वडीलधाऱ्यांमार्फत त्या कुटुंबांस निरोप पोचविणे हेही शिक्षकास सहज शक्य आहे.

पुढील वर्षी त्याच कागदावर नवा थर चढवावा. वाट बदलली काय, साकव झाला काय, कोणत्या ठिपक्याचे मूल शाळेत येईनासे झाले, हे दोन वर्षांचे थर एकमेकांवर ठेवल्याने समजेल.

अभ्यासासाठी प्रश्न

१. गावनकाशा व सात-बारा यांना जोडणारा दुवा कोणता? भौगोलिक माहिती प्रणालीत त्याच्या जोडीस कोणता दुवा येतो?
२. आपल्या शाळेच्या १ किलोमीटरच्या वर्तुळात असूनही वाटेने त्याहून दूर असलेल्या वस्त्या कोणत्या?
३. आपल्या गावातील कोणत्या वस्त्यांची नावे कोणत्याही शासकीय नकाशावर आढळत नाहीत?
४. शाळेच्या नोंदीतील अक्षांश-रेखांश पटांगणात उभे राहून पुन्हा घ्या. जुन्या व नव्या आकड्यांत किती मीटरांचा फरक पडतो?